नेम यंत्राचा, राखण घराची



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एका भगिनीचे चार पानी पत्र आहे. तिच्या सासऱ्यांचे वय एकाहत्तर. चार महिने त्यांचा घसा दुखत होता. पुढे मानेला गाठ लागू लागली आणि तपासणीअंती टॉन्सिलच्या जागी कर्करोग असल्याचे निदान झाले. शहरातील रुग्णालयाने सात आठवड्यांत पस्तीस वेळा किरणोपचार घेण्यास सांगितले आहे. सासऱ्यांनी मात्र साफ नकार दिला आहे. ‘माझ्या चुलत्यांचा शेक मी डोळ्यांनी पाहिला आहे,’ एवढेच ते म्हणतात. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या चुलत्यांचा आजार शेक देऊन बरा झाला होता. परंतु पुढे हयातभर भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाशिवाय त्यांच्या घशाखाली उतरला नाही, आणि दोन-तीन वर्षांत तोंडातले दात एकामागून एक किडून गेले.

पत्राच्या शेवटी या भगिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. मामंजींचेही तसेच होणार का? नातलग सुचवतात त्याप्रमाणे जमिनीचा तुकडा विकून प्रोटॉनचे उपचार घ्यावेत का? आणि उपचार सुरू झालेच, तर त्या सात आठवड्यांत आम्ही घरच्यांनी नेमके काय करायचे?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि ते केवळ एका घराचे नाहीत. तंबाखू, गुटखा, विडी आणि मिश्री यांच्या सवयीमुळे तोंडाचे व घशाचे कर्करोग आपल्याकडे फार आढळतात. म्हणून आजचा लेख या उत्तरांसाठी. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा. तो निर्णय समजून घेण्यास आणि पेलण्यास या मजकुराचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

तेव्हाचा शेक, आताचा नेम

ज्याला आपण बोलीभाषेत ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतो, त्यात उष्णता नसते. ते अतिशय शक्तिशाली क्ष-किरण असतात. ते पेशीच्या गाभ्यातील जनुकीय धाग्यांना इजा करतात. निरोगी पेशी ही इजा काही तासांत बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही. म्हणूनच सारी मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी दिली जाते. घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार हाच मुख्य उपचार असेल, तर साधारणपणे रोज २ ग्रे याप्रमाणे ३५ दिवसांत ७० ग्रे एवढी मात्रा होते. ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणांचे माप आहे. तोंडाच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया होते आणि त्यानंतर गरजेनुसार सुमारे ६० ग्रे दिले जातात.

चुलत्यांच्या काळी किरणांचे झोत चेहऱ्याच्या व मानेच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर सोडले जात. मधे जे जे येई, त्या साऱ्याला जवळजवळ सारखीच मात्रा मिळे. गालगुंड झाल्यावर कानाच्या पुढे व खाली ज्या ग्रंथी सुजतात, त्याच आपल्या सर्वांत मोठ्या लाळग्रंथी. दोन्ही बाजूंच्या या ग्रंथी झोताच्या वाटेवर असल्याने त्या कायमच्या सुकत. लाळ गेली की घास ओला होत नाही आणि दातांचे संरक्षणही जाते. चुलत्यांच्या भाकरीची आणि दातांची कहाणी ती हीच.

आज जी पद्धत सर्रास वापरली जाते, तिला रुग्णालयात ‘आय.एम.आर.टी.’ म्हणतात. किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून लक्ष्याच्या आकाराबरहुकूम मात्रा देणे, हा तिचा गाभा. आधी रुग्णाचा सीटी स्कॅन काढतात. त्याच्या प्रत्येक छेदावर डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर रोगाची जागा आखतात, मानेतील धोक्याच्या गाठी आखतात, आणि वाचवायचे अवयवही आखतात: मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबड्याचे हाड, स्वरयंत्र, गिळण्याचे स्नायू. या आखणीवरून भौतिकशास्त्रज्ञ संगणकाच्या साहाय्याने झोतांची योजना करतात. यंत्राच्या मुखाशी टंगस्टन धातूच्या अनेक अरुंद पट्ट्या असतात. त्या पुढे-मागे सरकून झोताला क्षणोक्षणी हवा तो आकार देतात. यंत्र रुग्णाभोवती फिरत निरनिराळ्या कोनांतून मात्रा देते. त्यामुळे रोगाच्या जागी ती पुरेपूर जमते आणि शेजारी ती झपाट्याने उतरते. मज्जारज्जूला साधारण ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ देत नाहीत. निदान एका बाजूच्या मोठ्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळावी, असा प्रयत्न असतो, कारण त्याखाली ती ग्रंथी पुन्हा लाळ निर्माण करू शकते.

याचा प्रत्यक्ष लाभ किती, हेही मोजले गेले आहे. ब्रिटनमध्ये घशाच्या कर्करोगाच्या ९४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना एका वर्षानंतरही तोंडाच्या कोरडेपणाचा लक्षणीय त्रास होता. लाळग्रंथी वाचवून उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. रोग आटोक्यात येण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नेमके किरणोपचार त्रास पुष्कळ कमी करतात, पण तो नाहीसा करत नाहीत. आणि रोगावरील त्यांची ताकद जुन्या पद्धतीहून अधिक आहे, असेही नव्हे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: मामंजींचे चुलत्यांसारखे होण्याची शक्यता आता बरीच कमी आहे. मात्र रोगाची गाठ लाळग्रंथीला अगदी खेटून असेल, तर ती ग्रंथी वाचवता येत नाही. ‘आमच्या रुग्णाची कोणती लाळग्रंथी वाचेल?’ हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा.

प्रोटॉनसाठी जमीन विकावी का?

प्रोटॉन हे क्ष-किरण नव्हेत. ते विद्युत्भारित कण आहेत. ठरावीक खोलीवर पोचून ते आपली बहुतेक ऊर्जा तेथेच सोडतात आणि थांबतात, त्यामुळे पलीकडच्या भागाला मात्रा जवळजवळ पोचत नाही. भारतात चेन्नई येथे २०१९ पासून प्रोटॉन उपचार मिळू लागले, आणि आता नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरमध्येही ही सोय झाली आहे. लहान मुलांचे काही कर्करोग, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठी, किंवा आधी किरणोपचार झालेल्या जागी पुन्हा मात्रा देण्याची वेळ, अशा प्रसंगी या पद्धतीचे मोल विशेष आहे.

घशाच्या व तोंडाच्या बहुसंख्य ज्येष्ठ रुग्णांसाठी मात्र उत्तम रीतीने आखलेली आय.एम.आर.टी. ही मान्यताप्राप्त आणि पुरेशी पद्धत आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी विशिष्ट कारण देऊन प्रोटॉन सुचवले असेल, तर गोष्ट वेगळी. केवळ नातलगांच्या सांगण्यावरून जमीन विकू नये, आणि जागा मिळण्याची वाट पाहत आठवडे तर मुळीच घालवू नयेत. तो काळ रोगाच्या पथ्यावर पडतो.

खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांत कर्करोगाच्या किरणोपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटावे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्याचा विहित नमुना रुग्णालयातून भरून घ्यावा. मुंबईत राहण्याची सोय नसलेल्यांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांचा आधार आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभाग अशा जागांची माहिती देतो.

मुखवट्याची भीती

इतका नेम धरायचा, तर रुग्णाचे डोके रोज त्याच जागी, त्याच कोनात असावे लागते. त्यासाठी पहिल्या भेटीत एक जाळीदार मुखवटा तयार करतात. विशिष्ट प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर व खांद्यांपर्यंत बसवतात. चेहऱ्यावर कोमट ओला रुमाल पसरावा, तसे वाटते. काही मिनिटांत तो थंड होऊन कडक होतो. जाळीतून श्वास सहज घेता येतो. पुढे रोज उपचाराच्या वेळी हा मुखवटा चढवून मेजाला पक्का करतात.

अनेक ज्येष्ठांना या मुखवट्याचीच धास्ती वाटते. त्यांना आधी सांगावे, की आत जाऊन बाहेर येण्यास साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात, त्यांतील प्रत्यक्ष किरणांची वेळ थोडीच असते, आणि त्यात काहीही दुखत नाही. खोलीत रुग्ण एकटा असला, तरी तंत्रज्ञ त्याला कॅमेऱ्यातून सतत पाहत असतात. हात वर केला की यंत्र थांबते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते काढून ठेवण्यापूर्वीच हाताची खूण ठरवून घ्यावी. कवळी तोंडात ठेवायची की काढायची, हे पहिल्या दिवशी ठरेल. रोज तसेच करावे. त्या दिवशी दाढी जशी असेल, तशीच पुढेही ठेवावी, म्हणजे मुखवट्याचा बसका बदलत नाही. भीती फारच असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. सौम्य औषध देता येते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. या उपचारात किरण बाहेरून येतात आणि यंत्र बंद होताच संपतात. रुग्णाच्या अंगात ते साठत नाहीत. नातवंडांनी आजोबांच्या मांडीवर बसायला, एका ताटात जेवायला, त्यांच्याजवळ झोपायला कसलीही हरकत नाही. किरणोपचार घेणाऱ्या वृद्धाची भांडी वेगळी करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. यंत्राचा नेम काही मिलिमीटरांचा असतो. तो ज्या शरीरावर धरला गेला, ते शरीर सात आठवडे तसेच राहिले, तरच तो खरा ठरतो. रुग्णाचे वजन पाच-सहा किलोंनी उतरले, गाल व मान आत गेली, की मुखवटा सैल होतो. लाळग्रंथी आपल्या जागेवरून किंचित आत सरकतात आणि जेथे कमी मात्रा जायची, तेथे अधिक जाऊ लागते. अशा वेळी पुन्हा मुखवटा, पुन्हा स्कॅन आणि पुन्हा आखणी करावी लागते. त्यासाठी त्या भगिनीचा तिसरा प्रश्नच सर्वांत मोलाचा. नेम रुग्णालयात धरला जातो. त्याची राखण घरात, स्वयंपाकघरात आणि बस थांब्यावर करावी लागते.

सुरू होण्यापूर्वी

पहिले काम दातांचे. कर्करोगाच्या उपचारांची माहिती असलेल्या दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. किडके व हलणारे दात काढायचे असल्यास ते किरणोपचारांपूर्वी दोन-तीन आठवडे काढावेत, म्हणजे जखम भरून येते. नंतर किरण लागलेल्या जबड्यातील दात काढल्यास हाड भरून न येण्याचा धोका असतो. हा धोका वर्षानुवर्षे राहतो.

दुसरे काम तंबाखूचे. विडी-सिगारेट चालू ठेवणाऱ्यांत किरणोपचारांचा गुण कमी येतो आणि तोंडाच्या जखमा अधिक होतात. तंबाखू, मिश्री, तपकीर, सुपारी आणि मद्य, सारेच थांबवावे. पन्नास वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही. रागावण्याऐवजी रुग्णालयात व्यसनमुक्तीचा सल्ला घेणे अधिक उपयोगी.

तिसरे काम वजनाचा काटा घरी आणण्याचे. पहिल्या दिवसाचे वजन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावे.

सात आठवडे

पहिले दहा दिवस बहुधा सुखाचे जातात. ‘उगाच घाबरलो,’ असे रुग्ण म्हणू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चव जाते, थुंकी चिकट होते, घसा दुखू लागतो. चौथ्या आठवड्यापासून तोंड येते, मानेची त्वचा काळवंडते, थकवा वाढतो. सर्वांत कठीण काळ अखेरच्या आठवड्याचा आणि उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांचा असतो. हे आधीच ठाऊक असले, म्हणजे शेवटचा दिवस झाल्यावरही दुखणे वाढते तेव्हा घर हबकत नाही.

आहाराविषयी. ज्येष्ठ रुग्णाला दर किलो वजनामागे रोज साधारण ३० कॅलरी आणि निदान १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोंच्या माणसाला सुमारे १,८०० कॅलरी व ७२ ग्रॅम प्रथिने. तीन वेळच्या ताटात हे बसणार नाही. दर दोन तासांनी थोडे थोडे द्यावे. गुरगुट्या भातावर तूप, मुगाच्या डाळीचे घट्ट वरण, दुधातली नाचणीची खीर, केळ्याचे शिकरण, साय घातलेला रव्याचा पातळ शिरा, मऊ अंडे, गाळलेले चिकनचे सूप, मऊ पनीर. तिखट, आंबट, कडक आणि फार गरम पदार्थ वर्ज्य करावेत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहारतज्ज्ञांकडून तक्ता बदलून घ्यावा. चव गेलेल्या माणसाला जेवण मातीसारखे लागते. ‘एवढे केले, तरी खात नाहीत’ असे म्हणून दुखावून घेऊ नये. त्यांना घड्याळ पाहून औषधासारखे खावे लागणार आहे.

आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करावे. दोन किलो उतरले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता सांगावे. घोट उतरेनासा झाल्यास नाकातून जठरापर्यंत बारीक नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असे अनेक घरांत वाटते. वास्तविक ती काही आठवड्यांची सोय आहे. तिच्यामुळे वजन टिकते आणि उपचार पुरे होतात. नळी असली, तरी डॉक्टर व वाचा-गिळण तज्ज्ञ यांच्या सल्ल्याने दिवसातून थोडे तोंडाने गिळत राहावे आणि जबडा उघडण्याचे, जीभ फिरवण्याचे, गिळण्याचे व्यायाम नेमाने करावेत. जे स्नायू वापरात राहतात, ते नंतर लवकर सावरतात.

तोंडाच्या काळजीसाठी एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवून दर दोन-तीन तासांनी गुळण्या कराव्यात. पाणी रोज ताजे करावे. दातांना मऊ ब्रश वापरावा. मद्यार्क असलेले बाजारी माउथवॉश टाळावेत. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक जेवणापूर्वी अर्धा तास द्यावे. मॉर्फिनची गोळी लिहून दिली तर ‘सवय लागेल’ म्हणून लपवून ठेवू नये. दुखण्यामुळे खाणे थांबले, तर नुकसान फार मोठे आहे. तिच्यासोबत दिलेले बद्धकोष्ठाचे औषध मात्र चुकवू नये.

मानेची त्वचा साध्या पाण्याने हलकेच धुवावी. बाम, हळद-चंदनाचा लेप, तेल, पावडर काहीही आपल्या मनाने लावू नये. बंद गळ्याऐवजी सैल सुती सदरा घालावा. ‘शक्तीसाठी’ म्हणून आणलेली चूर्णे व गोळ्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय देऊ नयेत.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, श्वासाला घरघर किंवा धाप, तोंडातून रक्त, पाणीही न उतरणे, लघवी फार कमी होणे किंवा बोलण्यात एकाएकी गोंधळ, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

खाडा नको

शनिवार-रविवारची सुटी योजनेत धरलेली असते. मधलाच दिवस चुकला, तर ती वेगळी बाब. तीन-चार आठवड्यांनंतर उरलेल्या कर्करोग-पेशी अधिक वेगाने वाढू पाहतात. उपचाराचा एकूण काळ एका दिवसाने लांबला, तर रोग त्या जागी आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, असा अनेक अभ्यासांचा निष्कर्ष आहे. आठवडाभराचा खाडा म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आपल्याकडे खाडे बहुधा ठरावीक कारणांनी पडतात: गौरी-गणपतीला गावी जाणे, घरातले लग्न, सोबत येणाऱ्याची रजा संपणे, आणि चौथ्या आठवड्यात ‘आता सोसवत नाही, आठ दिवस विश्रांती घेऊ’ हा विचार. यांतील प्रत्येक कारण समजण्याजोगे आहे, आणि प्रत्येकाची तजवीज आधी करता येते. सोबतीला कोण कोणत्या वारी जाणार, याचा तक्ता पहिल्याच दिवशी करावा. गाव दूर असेल, तर जाण्या-येण्यात शक्ती घालवण्यापेक्षा सात आठवडे रुग्णालयाजवळ मुक्काम करावा. यंत्र बिघडल्याने दिवस गेला, तर ‘तो कसा भरून काढणार?’ असे विचारावे. मधे किमान सहा तास ठेवून एका दिवसात दोनदा, किंवा शनिवारी उपचार देऊन तूट भरता येते. त्रास असह्य झाला, तरी स्वतः थांबू नये. डॉक्टरांना सांगितल्यास बहुतेक त्रासावर उपाय असतो.

आणि सोबत करणाऱ्या व्यक्तीविषयी. हे सारे बहुतेक घरांत एकाच स्त्रीच्या अंगावर पडते. सात आठवडे म्हणजे थोडा काळ नव्हे. तिलाही आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी मिळेल, अशी व्यवस्था कुटुंबाने जाणीवपूर्वक करावी.

उपचार संपल्यावर

तोंडाच्या जखमा साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरतात. चव काही महिन्यांत हळूहळू परतते. लाळ वर्ष-दोन वर्षे सुधारत राहते. उपचार संपल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी स्कॅन करून परिणाम पाहतात. त्याआधी केल्यास सूज आणि रोग यांत गल्लत होऊ शकते.

पुढे दोन गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. पहिली, कोणत्याही दंतवैद्याकडे गेल्यावर, दहा वर्षांनी का होईना, ‘या जबड्याला किरणोपचार झाले आहेत’ हे आधी सांगावे. दुसरी, मानेतील थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. थकवा, थंडी वाजणे, मन न लागणे यांना ‘आता वय झाले’ म्हणून सोडून देतात. दर सहा ते बारा महिन्यांनी टी.एस.एच. ही रक्ताची तपासणी केली की उलगडा होतो, आणि एका लहान गोळीने तो त्रास दूर होतो.

मामंजींना काय सांगावे?

केवळ वय हे किरणोपचार नाकारण्याचे कारण नाही. चालते-फिरते, स्वतःचे स्वतः करणारे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ पूर्ण उपचार घेऊ शकतात. सोबत केमोथेरपी द्यावी का, हा प्रश्न निराळा आहे. तिचा अधिकचा लाभ वयानुसार घटत जातो आणि सत्तरीनंतर तो फारसा दिसत नाही. शिवाय सिस्प्लॅटिन या औषधाने मूत्रपिंड व ऐकणे यांना बाधा येऊ शकते. म्हणून ‘यांच्या बाबतीत केमोचा फायदा किती, तोटा किती?’ हे विचारून घ्यावे. प्रकृती फारच क्षीण असलेल्यांसाठी केवळ वेदना कमी करणारे, थोड्या दिवसांचे किरणोपचारही असतात.

नकार देणाऱ्या वृद्धावर जबरदस्ती करू नये, तसेच त्याच्यापासून निदान लपवूही नये. मामंजी हट्टी नाहीत. त्यांनी एक माणूस वर्षानुवर्षे घासागणिक पाणी पिताना पाहिला आहे, आणि त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला आहे. त्या निष्कर्षाला मान देऊनच उत्तर द्यावे लागेल. त्यांना रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना विनंती करावी, की संगणकाच्या पडद्यावर त्यांचीच आखणी त्यांना दाखवावी: रोगाची जागा कोणती, आणि रंगीत रेषा वळसा घालून जिला वगळतात, ती लाळग्रंथी कोणती. शक्य असल्यास याच पद्धतीने उपचार घेऊन वर्ष झालेल्या एखाद्या रुग्णाशी त्यांची गाठ घालून द्यावी. उपचार न घेतल्यास काय होईल, हेही सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगावे: वाढती गाठ घास अडवील, पुढे श्वासही अडवील. एवढे कळल्यावर ते जे ठरवतील, तो त्यांचा निर्णय.

मामंजींनी होकार दिला, तर त्या भगिनीने दिनदर्शिकेवर आजच तीन नोंदी कराव्यात: दंतवैद्याची तारीख, पहिल्या दिवसाचे वजन, आणि पस्तीस दिवसांच्या सोबतीची नावे. सात आठवड्यांनी तिने पुन्हा पत्र लिहावे, अशी विनंती आहे. ते पत्र, तिची संमती असल्यास, आपल्या सर्वांसाठी याच जागी छापू.